तेल तापलेलं, आकडा गार: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तापमान सर्किटमधला लपलेला बिघाड

गाडी सात आसनी डिझेल. टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणाऱ्या जोडणीचा) सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, धाव एक लाख दहा हजार किलोमीटरच्या पुढे. मालक यावल तालुक्यातले केळी बागायतदार. रोजचा रस्ता फैजपूर, सावदा, भुसावळ, जळगाव असा सपाटीचा, आणि अधूनमधून फर्दापूरवरून अजिंठा घाट चढून छत्रपती संभाजीनगर. महिना मे, म्हणजे दुपारी पारा ४४ च्या आसपास.

तक्रार अशी: सरळ रस्त्यावर ८० च्या वेगाला इंजिन पूर्वीपेक्षा साडेतीनशे आरपीएम जास्त फिरतं. गिअर उशिरा पडतात. डिझेलचा ॲव्हरेज १३ वरून ११ वर आला. घाट चढून वर थांबलं की जळकट तेलाचा वास येतो, पण डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा कधीच लागत नाही. शिवाय हे रोजचं नाही. चार दिवस गाडी बरी चालते, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

आधीच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं तेल बदलून झालं होतं. तापमान सेन्सरचा रेझिस्टन्स सकाळी गार गाडीवर मोजून "सेन्सर ओके" असंही सांगितलं गेलं होतं. पुढचा सल्ला होता टॉर्क कन्व्हर्टर उतरवण्याचा. हे काम लाखाच्या घरात जातं, म्हणून त्याआधी विद्युत बाजू पूर्ण तपासून घेणं भाग होतं.

आधी ठरवायचं: टीसीएम (गिअरबॉक्स चालवणारा संगणक) सांगत नाही, की गिअरबॉक्स ऐकत नाही

आरपीएम जास्त आणि ॲव्हरेज कमी, याचा पहिला अर्थ कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) लागत नाही. पण तो का लागत नाही, याला दोन वाटा आहेत. टीसीएम हुकूम देतोय आणि क्लच घसरतोय, तर दोष सोलेनॉइड, वॉल्व्ह बॉडी किंवा कन्व्हर्टरमध्ये. टीसीएम हुकूमच देत नसेल, तर गिअरबॉक्स खोलून काहीही सापडणार नाही. स्कॅनरवर लॉक-अप सोलेनॉइडचा कमांड आणि त्यासोबत इंजिन आरपीएम व टर्बाइन आरपीएम (कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्सकडे जाणारी गती) असे तीन आकडे एकत्र लावले की पाच मिनिटांत फैसला होतो. या गाडीत पाचव्या गिअरला, ८० च्या वेगाला, पाऊल स्थिर ठेवूनही कमांड 'ऑफ' होता. म्हणजे टीसीएमच क्लच लावायला तयार नव्हता.

टीसीएम लॉक-अप अडवून धरतो त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे तेल अजून गार आहे असा त्याचा समज. त्याच स्क्रीनवर गिअरबॉक्स तेलाचं तापमान ५२ अंश दिसत होतं. मे महिन्यात, चाळीस मिनिटं हायवेवर चाललेल्या गाडीत, कूलंट ८९ असताना गिअरबॉक्सचं तेल ५२? इथेच पाणी मुरत होतं.

टीसीएममध्ये एक पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड होता, पी ०७११. तेल तापमान सर्किटच्या कोडांचं कुटुंब लक्षात ठेवण्यासारखं आहे. पी ०७१० म्हणजे सर्किटमध्ये सर्वसाधारण बिघाड. पी ०७१२ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार कमी, बहुतेक वेळा वायर अर्थला चिकटलेली. पी ०७१३ म्हणजे व्होल्टेज फार जास्त, बहुतेक वेळा वायर तुटलेली किंवा कनेक्टर सुटलेला. पी ०७१४ म्हणजे मध्येच येणारा-जाणारा दोष. आणि पी ०७११ म्हणजे आकडा मर्यादेत आहे, पण पटण्याजोगा नाही: इतकं चालूनही तापमान अपेक्षेइतकं चढलं नाही, किंवा एका जागी अडकलं. पाचांत सर्वांत अवघड हाच, कारण वायर तुटलेलीही नसते आणि शॉर्टही नसते.

सकाळची तपासणी आणि तिने केलेली फसवणूक

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत कूलंट, आत येणारी हवा आणि गिअरबॉक्सचं तेल या तिघांचं तापमान जवळपास सारखं असायला हवं. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. इंजिन सुरू न करता, फक्त इग्निशन ऑन करून वाचलं तर कूलंट ३१, हवा ३१, गिअरबॉक्स २५. सहा अंशांचा फरक डोळ्यात भरणारा नाही. घाईत असलेला माणूस तो सोडून देतो, आणि आधी बहुधा तेच झालं होतं.

गरम गाडीवर मात्र सेन्सरवर विसंबून न राहता तेल खरोखर किती तापलंय ते मोजायचं. इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनिअमवर धरली तर आकडा बराच कमी येतो, म्हणून ऑइल पॅनवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. दुसरी खात्री म्हणून कूलरकडे जाणाऱ्या धातूच्या पाइपला के-टाइप थर्मोकपल बांधून वरून कापड गुंडाळायचं. पॅन ८४, पाइप ८८, आणि त्याच क्षणी स्कॅनर ५२. सकाळी सहा अंशांनी खोटं बोलणारं सर्किट आता बत्तीस अंशांनी खोटं बोलत होतं.

हा फरक वाढतो कसा, हे एकदा आकड्यांनी समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. हा सेन्सर एनटीसी थर्मिस्टर आहे: तापमान वाढलं की रेझिस्टन्स घटतो. टीसीएम ५ व्होल्ट स्वतःमधल्या एका ठरावीक रेझिस्टरमधून (पुल-अप) पाठवतो आणि सिग्नल वायरवर किती व्होल्ट उरले ते वाचून तापमान ठरवतो. या जातीच्या थर्मिस्टरचे आकडे आणि वाटेत ६०० ओहमचा जादा अडथळा बसला तर टीसीएमला काय दिसेल, हे शेजारी ठेवून पाहा:

३० अंश: सेन्सर २२४० ओहम, अडथळ्यासह २८४०, टीसीएमला दिसतं २५
४० अंश: १४६० ओहम, अडथळ्यासह २०६०, दिसतं ३२
६० अंश: ६६५ ओहम, अडथळ्यासह १२६५, दिसतं ४३
८० अंश: ३३० ओहम, अडथळ्यासह ९३०, दिसतं ५१
१०० अंश: १७७ ओहम, अडथळ्यासह ७७७, दिसतं ५६
१२० अंश: १०० ओहम, अडथळ्यासह ७००, दिसतं ५९

गार तेलात सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टन्स हजारांत असतो, त्यात सहाशेची भर खपून जाते. गरम तेलात सेन्सर दोन-तीनशेवर उतरलेला असतो आणि तीच सहाशेची भर त्याला गिळून टाकते. शेवटची ओळ सर्वांत धोक्याची आहे. तेल कितीही तापलं, अगदी सेन्सरचा रेझिस्टन्स शून्यावर आला, तरी टीसीएमला ६३ च्या वर काही दिसणारच नाही. मग तापमानाचा दिवा लागणार कुठून? आणि हेच दुष्टचक्र आहे: लॉक-अप लागत नाही म्हणून कन्व्हर्टरमध्ये तेल सतत घुसळलं जातं, म्हणून ते अधिक तापतं, आणि टीसीएम मात्र ते गार समजून लॉक-अप अडवूनच ठेवतो. घाटमाथ्यावर येणारा जळका वास त्यातूनच येत होता. खानदेशच्या उन्हाळ्यात गिअरबॉक्सला गरज असते ती नेमक्या याच संरक्षणाची.

जंपर लावून अर्धं सर्किट बाजूला काढणं

इग्निशन बंद करून गिअरबॉक्सच्या बाजूचा मोठा कनेक्टर सोडवला. पुन्हा इग्निशन ऑन केल्यावर स्कॅनर उणे ४० दाखवू लागला. हे बरोबर आहे. वायर उघडी असली की टीसीएम तापमानाचं तळ गाठतो. यावरून टीसीएमला ५ व्होल्टची बाजू दिसतेय एवढं नक्की झालं.

आता हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने सिग्नल आणि रिटर्न (टीसीएमकडे परत जाणारी वायर) या दोन टर्मिनलांमध्ये जंपर, म्हणजे छोटी जोडवायर. जंपरच्या टोकाला त्याच मापाची पिन हवी. क्लिप, टाचणी किंवा जाड प्रोब खुपसला तर फीमेल टर्मिनलचं तोंड फाकतं आणि आपणच नवा दोष तयार करतो. या दोन वायरींना चुकूनही १२ व्होल्ट दाखवायचे नाहीत. जंपर लागल्यावर आकडा झटकन वरच्या टोकाला, म्हणजे १५० किंवा त्या टीसीएमचं जे कमाल असेल तिथे जायला हवा. इथे तो ६३ ला थांबला. वायर हलवली की ६३ चे ५८, मग ७१, पुन्हा ६३.

या एका चाचणीत सेन्सर निर्दोष सुटला, कारण सेन्सर या क्षणी सर्किटमध्येच नव्हता. तरी पडताळणी म्हणून गिअरबॉक्सच्या बाजूच्या पिनांवर गरम तेलात ओहम मोजले: ८४ अंशांना २९०. तक्त्याशी तंतोतंत जुळणारे. अनेक गिअरबॉक्समध्ये हा सेन्सर आतल्या हार्नेसचा भाग असतो आणि तो बदलायला पॅन उतरवावा लागतो. तो खर्च इथेच वाचला.

आकडा ५८ ते ७१ च्या मध्ये नाचतो म्हणजे अडथळा साधारण ४५० ते ७०० ओहमच्या मध्ये बदलतोय. या गाडीत टीसीएम लॉक-अप लावायला ६५ अंशांच्या आसपास तयार होतो. अडथळा याहूनही बराच कमी असेल त्या दिवशी तो उंबरठा ओलांडला जायचा, इतका असेल त्या दिवशी नाही. 'चार दिवस बरी, पाचव्या दिवशी नाही' याचं उत्तर इथे आहे. हा उंबरठा प्रत्येक गाडीत वेगळा असतो, तो त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

कोणती वायर? व्होल्टेज ड्रॉपने शोध

कनेक्टर पुन्हा लावून, इंजिन चालू, तेल ८४ ला असताना बॅकप्रोब पिनांनी मागून मोजमाप. मल्टिमीटरचा काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. बॉडीच्या कुठल्या तरी बोल्टला नको. टीसीएमपाशी सिग्नल वायरवर २.३५ व्होल्ट. निरोगी सर्किटमध्ये इतक्या तापमानाला १.१ च्या आसपास हवे होते (या टीसीएमचा पुल-अप सुमारे १ किलोओहम आहे). गिअरबॉक्सच्या कनेक्टरवर सिग्नल टर्मिनलला तेच २.३५, म्हणजे सिग्नल वायर स्वच्छ. मग रिटर्न टर्मिनलवर प्रोब नेला: १.५९ व्होल्ट. टीसीएमपाशी त्याच रिटर्न वायरचं दुसरं टोक: ०.०१.

रिटर्न वायरवर जेमतेम काही मिलिव्होल्ट असायला हवेत. १.५९ व्होल्ट त्या एका वायरीत खर्च होत होते. सर्किटमधला प्रवाह अवघा २.६ मिलिअँपियर, १.५९ ला त्याने भागलं की सहाशे ओहम बरोबर हातात येतात. स्कॅनर, जंपर आणि व्होल्टेज ड्रॉप तिन्हींनी एकच आकडा दिला, म्हणजे निदान पक्कं.

काही टीसीएम साधारण ५० अंशांच्या आसपास पुल-अप बदलतात, त्यामुळे सिग्नल व्होल्टेज अचानक उडी मारतो. तो दोष नाही. अशा वेळी व्होल्टेज सोडून स्कॅनरवरचं तापमान सलग चढतंय का ते पाहावं.

कनेक्टर उघडून भिंगाखाली पाहिल्यावर रिटर्न टर्मिनलच्या क्रिंपमधून (वायर दाबून बसवलेल्या जागेतून) हिरवट-निळसर पूड डोकावत होती. वायर हलकेच ओढली तर अर्ध्याहून अधिक तारा क्रिंपमधून अलगद बाहेर आल्या, काळ्या पडलेल्या. कनेक्टरच्या भोवतीचं रबरी सील जागेवरच नव्हतं. खाचेत काळ्या मातीचा बारीक गाळ बसला होता. कनेक्टर कधीतरी सोडवला गेला, सील पडलं आणि तसाच परत लावला गेला, एवढं त्यावरून वाचता येतं.

पाणी शिरायला वाटही होती. शेतावर गाडी धुवायला सरसकट फवारणीचा एचटीपी पंप वापरला जातो. त्याची धार चेसिसच्या खालून मारली की सील नसलेल्या कनेक्टरमध्ये पाणी थेट घुसतं. त्यात टाकीत विद्राव्य खताचं उरलेलं पाणी असेल तर बघायलाच नको: अमोनियायुक्त खतांचे क्षार तांब्याला साध्या पाण्यापेक्षा फार लवकर खातात. केळीच्या पट्ट्यातल्या गाड्यांमध्ये खालच्या बाजूचे कनेक्टर म्हणूनच आधी उघडून पाहावेत.

इथे एक उलटा प्रकारही सांगायला हवा. कनेक्टरमध्ये ओल साचून दोन पिनांच्या मध्ये गळती झाली, तर अडथळा ओळीत न बसता समांतर बसतो आणि चित्र पूर्ण फिरतं. समजा गळती ५००० ओहमची आहे. ३० अंशांना २२४० चा सेन्सर १५५० सारखा दिसतो आणि टीसीएम ३९ वाचतो; ९० अंशांना मात्र फरक जेमतेम दीड अंशाचा. म्हणजे ओळीतला दोष गरम गाडीत उघडा पडतो, गळतीचा दोष गार गाडीत. दोन्ही वेळा मोजल्याशिवाय हे सर्किट निर्दोष ठरवू नये.

दुरुस्ती

बॅटरीचं निगेटिव्ह काढून काम सुरू. रिटर्न वायर चमकदार तांबं दिसेपर्यंत मागे कापत जायचं. इथे सात सेंटिमीटर कापावी लागली, कारण गंज इन्सुलेशनच्या आतून वर चढलेला होता. काळ्या तारेवर नवं टर्मिनल क्रिंप केलं तर तीन महिन्यांत तीच तक्रार परत येते. ०.५ चौरस मिलिमीटरची ऑटोमोटिव्ह वायर, मूळ मापाचं नवं टर्मिनल, त्यावर वायरचं छोटं सील, ओपन-बॅरल क्रिंपिंग टूलने दोन क्रिंप: एक तांब्यावर, एक सीलवर. साध्या पकडीने दाबलेला क्रिंप वरून ठीक दिसतो आणि आत सैल राहतो. जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. आम्लाचा फ्लक्स वापरून डाख (सोल्डर) लावायचा नाही, तो पुन्हा गंज घेऊन येतो.

शेजारच्या सोलेनॉइड पिनाही एकेक तपासल्या. दोन टर्मिनलांवर हिरवट छटा होती, पण क्रिंप घट्ट. ती कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केली. या कामाला पेट्रोल वापरू नये, रबर फुगतं. नवं बाहेरचं सील बसवून त्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवला, टर्मिनलच्या तोंडात भरला नाही. हार्नेस एक्झॉस्टपासून लांब नेऊन मूळ क्लिपमध्ये अडकवला. नव्या वायरचा रेझिस्टन्स टोकापासून टोकापर्यंत ०.३ ओहम, हलवूनही स्थिर.

तेलाची पातळीही चुकली होती

डिपस्टिक नसलेल्या अशा गिअरबॉक्समध्ये पातळी ओव्हरफ्लो प्लगमधून लावतात, तीही तेल ठरलेल्या तापमानाला, बहुतेक ठिकाणी ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना. ते तापमान वाचायचं स्कॅनरवरून. आता विचार करा: स्कॅनर ४० दाखवत असताना या गाडीतलं खरं तेल ५३ वर होतं. फुगलेलं तेल प्लगमधून जास्त सांडलं. नऊ लिटरच्या गिअरबॉक्समध्ये तेरा अंशांचा फरक म्हणजे साधारण ९० मिलिलिटरची तूट. एवढ्याने गिअरबॉक्स मरत नाही, पण आधीच तापलेल्या, घाटात तिरप्या होणाऱ्या गाडीत ती तूटही नको असते. म्हणून सर्किट दुरुस्त झाल्यावरच पातळी लावायची, आधी नाही.

काढलेलं तेल तपकिरी आणि वासाला जळकट होतं, पण मॅग्नेटवर फक्त करडी बारीक लई; धातूचे कण किंवा क्लचच्या अस्तराचे तुकडे नव्हते. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच साडेतीन लिटर तेल घातलं. एका ड्रेनमध्ये नऊपैकी एवढंच बदलतं, म्हणून साधारण हजार किलोमीटरनंतर तेवढंच पुन्हा बदलायला सांगितलं. गाडी लेव्हलमध्ये, चारही बाजूंनी स्टँडवर, इंजिन चालू, लीव्हर प्रत्येक स्थितीतून फिरवून पार्कमध्ये, स्कॅनरवर ४० दिसताच प्लग उघडून तेल बारीक धारेवर येईपर्यंत थांबायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच.

खात्री

जंपर चाचणी दुरुस्तीनंतर पुन्हा केली: आकडा एका झटक्यात १५०. सकाळी गार गाडीवर कूलंट ३०, हवा ३०, गिअरबॉक्स ३०. गरम गाडीवर पॅन ८३, स्कॅनर ८२. रिटर्न टर्मिनलवर ८ मिलिव्होल्ट.

कोड पुसून, गिअरबॉक्सची जुनी शिकवण (टीसीएमने वापरातून साठवलेल्या नोंदी) स्कॅनरवरून रीसेट करून रस्त्यावर. आधी अर्धं पाऊल ठेवून सगळे गिअर वर-खाली सावकाश फिरू द्यायचे. ६५ अंश ओलांडताच लॉक-अप कमांड 'ऑन' झाला, इंजिन आणि टर्बाइनमधला फरक वीस आरपीएमच्या आत आला. ८० च्या वेगाला इंजिन २०५० वरून १७०० वर उतरलं. कन्व्हर्टरचा क्लच धडधाकट आहे याचा हाच पुरावा. अजिंठा घाटात दुपारच्या उन्हात तेल १०४ पर्यंत चढलं आणि सिल्लोडकडच्या सपाटीवर ९१ वर स्थिरावलं. पी ०७११ पेंडिंगमध्येही परत आला नाही.

बिल झालं ते टर्मिनल, सील, वायर, तेल आणि मजुरीचं. मालकांना जाताना दोन गोष्टी सांगितल्या: गाडी खालून धुताना एचटीपीची धार गिअरबॉक्सच्या उजव्या कडेला मारायची नाही, आणि पुढे कुणीही तो कनेक्टर सोडवला तर सील जागेवर बसलंय का हे स्वतः बघून घ्यायचं.